‘आवृत्ती २’ की ‘आवृत्ती २ किंवा नंतरची’: मुद्रितशोधन साधनाचे परवाने जुळवतानाच्या नोंदी

जुन्या मराठी नियतकालिकांची स्कॅन केलेली पाने वाचून त्यांचा युनिकोड मजकूर तयार करणारे, आणि तो मजकूर मूळ पानाशेजारी ठेवून तपासू देणारे एक साधन आमचा चार जणांचा गट सांभाळतो. २०१२ साली ते दुसऱ्याच एका गृहस्थांनी सुरू केले होते. त्यांना धरून आजपर्यंत अकरा जणांचे काम त्यात आहे आणि त्यांपैकी सात जण आमच्या गटाबाहेरचे आहेत. ते आपल्या संगणकांवर बसवण्याआधी एका सार्वजनिक ग्रंथालयाने लेखी विचारले की, याचा परवाना नेमका कोणता आहे आणि त्यातील सर्व भागांचे परवाने एकमेकांशी जुळतात का. साधनावर ‘जीपीएल’ (जनरल पब्लिक लायसन्स) हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना लिहिलेला होता, आणि शीर्षकातील आवृत्ती त्याचीच आहे. उत्तर दोन ओळींत देता येईल असे समजून मी हे काम अंगावर घेतले. त्याला चार महिने लागले, म्हणून या नोंदी सविस्तर ठेवत आहे.

३ जून २०२४

पहिल्या दिवशी फक्त यादी केली. आमच्या स्वतःच्या कोडच्या ६३ फाइली, खिडक्या आणि बटणांसाठी पायक्यूटी५, अक्षरओळखीसाठी टेसरॅक्ट आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून ते वापरण्यासाठी टेसरओसीआर, पीडीएफ उघडण्यासाठी पायम्युपीडीएफ, शुद्धलेखन तपासणीसाठी हनस्पेल, मराठी विक्शनरीतून काढलेली शब्दयादी, एक देवनागरी फॉन्ट आणि काही चिन्हचित्रे, एवढे त्यात आले. ही यादी मी आवश्यक पॅकेजांच्या फाइलीवरून केली, आणि तेथेच पहिली चूक झाली. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये पायथनसोबत आपोआप येणारे घटक त्या फाइलीत लिहिलेले नसतात.

५ जून

आमचा कोड जेथे ठेवलेला आहे त्या रिपॉझिटरीच्या मुखपृष्ठावर ‘जीपीएल-२.०’ एवढेच दिसते. मी परवान्याची पूर्ण फाइल शेवटपर्यंत वाचली. तिच्या अखेरीस ‘आवृत्ती २ किंवा, तुमच्या इच्छेनुसार, नंतरची कोणतीही आवृत्ती’ असे शब्द आढळले, म्हणून आमचा परवाना ‘२ किंवा नंतरची’ आहे असे धरून मी ग्रंथालयाला तसे कळवून टाकले.

९ जून

ते पत्र मागे घ्यावे लागले. मी वाचलेला परिच्छेद परवान्याच्या अटींचा भागच नव्हे. आपल्या कार्यक्रमाला हा परवाना कसा लावावा हे दाखवणारा तो नमुना आहे, आणि जीपीएल आवृत्ती २ च्या प्रत्येक प्रतीच्या शेवटी तो असतोच. लेखकाने खरोखर काय निवडले हे प्रत्येक फाइलीच्या शीर्षटीपेत पाहावे लागते. स्कॅनकोड हे तपासणीचे साधन सर्व ६३ फाइलींवर चालवले आणि त्याचा निकाल हाताने पडताळला, तेव्हा ४१ फाइलींत केवळ ‘आवृत्ती २’, ८ फाइलींत ‘२ किंवा नंतरची’ असे सापडले आणि १४ फाइलींत शीर्षटीपच नव्हती.

त्या १४ फाइलींबाबत थोडी आशा होती, कारण कार्यक्रमाने आवृत्तीचा क्रमांकच सांगितला नसेल तर हा परवाना तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने प्रसिद्ध केलेली कोणतीही आवृत्ती निवडता येते, असे जीपीएल २ चे नववे कलम सांगते. परंतु आमच्या माहितीपत्रकात २०१२ पासून ‘आवृत्ती २’ असे स्पष्ट लिहिलेले आहे, त्यामुळे ती वाट बंद झाली. थोडक्यात, साधनाचा गाभा केवळ आवृत्ती २ चा आहे.

१५ जून

आता प्रत्येक घटक या गाभ्यासमोर ठेवून पाहिला. पायक्यूटी५ हे जीपीएल आवृत्ती ३ खाली मिळते. आवृत्ती २ आणि आवृत्ती ३ या दोन्ही एकत्रित कार्यक्रम संपूर्णपणे आपल्याच अटींखाली असावा अशी मागणी करतात आणि दुसरे कोणतेही वाढीव बंधन चालवून घेत नाहीत, म्हणून ‘किंवा नंतरची’ हे शब्द नसतील तर त्या दोघी एका कार्यक्रमात नांदू शकत नाहीत. टेसरॅक्ट अपाची २.० या परवान्याखाली आहे. त्यातील पेटंटविषयक परवाना संपुष्टात येण्याची अट जीपीएल २ च्या दृष्टीने वाढीव बंधन ठरते. २००७ साली आलेल्या आवृत्ती ३ मध्ये मात्र त्या अटीला जागा करून दिली आहे. टेसरओसीआरवर एमआयटी परवाना लिहिलेला पाहून मी आधी त्या ओळीपुढे ‘जुळते’ अशी खूण केली होती. ती चुकीची होती, कारण टेसरओसीआर हे टेसरॅक्टभोवतीचे केवळ वेष्टण आहे, वेष्टणाचा परवाना आतल्या मूळ कोडला लागू होत नाही आणि आम्ही चालवतो ते टेसरॅक्टच. पायम्युपीडीएफ एजीपीएल ३ (नेटवर्कवरील वापरासाठी वाढीव अट असलेला जीपीएलचा प्रकार) खाली आहे, म्हणजे तेही अडते. हनस्पेल तीन परवान्यांपैकी कोणताही निवडण्याची मुभा देते, तेथे प्रश्न नाही.

आज इन्स्टॉलर उलगडून आतील प्रत्येक डीएलएल फाइल पाहिली. पायथन ३.९ सोबत ओपनएसएसएल १.१.१ हा सुरक्षित जोडणीसाठीचा घटक आला आहे. या आवृत्तीच्या जुन्या परवान्यात जाहिरातीत श्रेय देण्याची अट आहे, आणि ती जीपीएलच्या कोणत्याच आवृत्तीला चालत नाही. संगणकप्रणालीसोबत येणाऱ्या घटकांना जीपीएलमध्ये सवलत आहे, पण आम्ही स्वतःच तो घटक गठ्ठ्यात घालून वाटत होतो, त्यामुळे ती सवलत आमच्या कामाची नव्हती.

म्हणजे गेली सहा वर्षे आम्ही जो इन्स्टॉलर वाटत होतो, तो वाटण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. हे गटाला सांगताना मला फार वाईट वाटले. त्याच रात्री इन्स्टॉलर उतरवला आणि त्या जागी कारण देणारी सूचना लावली.

२२ जून ते ६ जुलै

परवाना बदलायचा तर सर्वांची संमती लागेल, म्हणून आवृत्ती २ वरच राहून अडणारे घटक बदलावेत असे ठरवले. या प्रयत्नात पंधरा दिवसांच्या संध्याकाळी गेल्या आणि तो फसला.

पायक्यूटी५ च्या जागी पायसाइड६ घेतले. त्यावर सर्वत्र ‘एलजीपीएल’ (जीपीएलचा सौम्य प्रकार) असा उल्लेख असतो, आणि एलजीपीएल म्हणजे कोणाशीही जुळणारा परवाना अशी माझी समजूत होती. येथे एलजीपीएल म्हणजे आवृत्ती ३ आहे आणि तीही केवळ आवृत्ती २ च्या गाभ्याशी जुळत नाही. सुदैवाने पायक्यूटी व पायसाइड ज्यावर उभी आहेत त्या क्यूटी संचाच्या बहुतेक विभागांना एलजीपीएल ३ सोबत जीपीएल २ हाही पर्याय दिलेला आहे, म्हणून बदल वाया गेला नाही. पण किती पाने तपासून झाली हे दाखवणारा आमचा आलेख क्यूटी चार्ट्सवर बेतलेला होता, आणि तो विभाग मुक्त परवान्यांपैकी फक्त जीपीएल ३ खाली मिळतो. एकाच नावाच्या संचातील वेगवेगळ्या विभागांचे परवाने वेगळे असतात, हे मला आलेख नव्याने जोडून झाल्यावर कळले. शेवटी तो आलेख काढून साधी आकड्यांची पट्टी ठेवली.

टेसरॅक्ट स्वतंत्र प्रक्रिया म्हणून आज्ञाओळीवरून चालवून पाहिले. दोन स्वतंत्र कार्यक्रम आज्ञाओळीने किंवा फाइलींच्या देवाणघेवाणीने बोलत असतील तर ते सामान्यतः वेगळेच मानले जातात, ही फाउंडेशनची भूमिका आहे आणि पूर्ण पान वाचण्यासाठी ती सोय पुरेशी होती. मात्र आमच्या साधनाचा मुख्य उपयोग तपासनिसाने एकच ओळ निवडून ती पुन्हा वाचून घेण्याचा आहे. प्रत्येक ओळीसाठी प्रक्रिया नव्याने सुरू होऊन मराठीचे प्रारूप पुन्हा स्मृतीत चढू लागले, आणि तासाला शंभरदीडशे वेळा ते थांबणे तपासनिसांना असह्य झाले. त्यांतील एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी दोन दिवस वापरून जुनीच प्रत परत मागितली.

१० जुलै

गटाची बैठक झाली. सर्व हक्कधारकांची लेखी संमती घेऊन साधन ‘जीपीएल ३ किंवा नंतरची’ या परवान्याखाली आणायचे ठरले. तसे झाले तर टेसरॅक्ट पूर्वीसारखे जोडता येईल, आलेखही परत येईल. एका सदस्याने सुचवले की, बहुसंख्यांनी होकार दिला तर पुढे जावे. मी त्याला विरोध केला. ज्याने ज्या ओळी लिहिल्या त्यांचा हक्क त्याचा आहे, आणि इतरांच्या होकाराने तो हक्क आमच्याकडे येत नाही.

१४ जुलै

नावांची यादी गिट या कोडमधील बदल नोंदवणाऱ्या प्रणालीच्या इतिहासावरून केली, पण तेवढ्याने भागले नाही. २०१५ पूर्वीचे बदल मूळ लेखकांना ईमेलने येत आणि ते स्वतःच्या नावाने चढवत असत. त्यांनी जुन्या पत्रपेटीतून दोन नावे शोधून दिली, जी इतिहासात कोठेच नव्हती.

मूळ लेखकांनी स्वतःची संमती त्याच दिवशी दिली. ‘आवृत्ती २’ का निवडली, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की, दुसऱ्या एका प्रकल्पाची शीर्षटीप त्यांनी उचलली होती आणि त्यात तेवढेच लिहिलेले होते.

२१ जुलै

योगदात्यांना पाठवलेले माझे पहिले पत्र चुकले होते. त्यात तीन पाने पार्श्वभूमी होती आणि शेवटी ‘परवाना बदलण्यास आपली हरकत नाही ना’ असा मोघम प्रश्न होता. दोघांनी ‘नाही, चालेल’ असे उत्तर पाठवले. कोणत्या कामासाठी, कोणत्या परवान्याखाली आणि ‘किंवा नंतरची’ यालाही मान्यता आहे का, यांपैकी काहीच त्या उत्तरातून सिद्ध होत नाही. दुसरे पत्र अर्ध्या पानाचे केले. त्यात त्या व्यक्तीच्या फाइली व बदलांची यादी जोडली, आणि ‘या साधनातील माझे आजवरचे सर्व योगदान जीपीएल आवृत्ती ३ किंवा, प्राप्तकर्त्याच्या इच्छेनुसार, नंतरच्या कोणत्याही आवृत्तीखाली देण्यास मी संमती देत आहे’ हे वाक्य उत्तरात जसेच्या तसे लिहून पाठवण्याची विनंती केली. हे काम करू पाहणाऱ्यांनी पहिलेच पत्र असे लिहावे. माझा त्यात एक आठवडा गेला.

११ ऑगस्ट

बाहेरच्या सातपैकी चार संमती हातात आल्या आहेत. उरलेल्या तिघांची स्थिती वेगवेगळी आहे.

एकाने होकार दिला, पण ते काम २०१६ मध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला असताना केल्याचे प्रामाणिकपणे कळवले. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नियोक्ता असतो. काम घरी केले होते, परंतु त्यांच्या नेमणूकपत्रातील शब्दरचना व्यापक होती, म्हणून कंपनीचे पत्र मागवायचे ठरवले.

दुसऱ्या योगदात्याचे तीन वर्षांपूर्वी निधन झाल्याचे माझ्या पत्राला आलेल्या उत्तरातून कळले. पत्र त्यांच्या मुलीने वाचले होते. प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि वारसांकडे जातो, त्यामुळे प्रश्न सोडून देता येत नव्हता. पण शोकात असलेल्या कुटुंबाला सॉफ्टवेअरच्या परवान्याविषयी कसे लिहावे हे मला दोन दिवस सुचले नाही. अखेर मी पुण्यात त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या वडिलांनी लिहिलेला भाग संगणकावर चालवून दाखवला. पानावरचे डाग आणि अनुस्वार यांत फरक करणारा तो भाग आहे, आणि आजही तो आमच्या साधनातील सर्वांत उत्तम भागांपैकी एक आहे. आई आणि दोन्ही मुलांनी त्याच आठवड्यात सह्या केल्या. शीर्षटीपेत त्यांचे नाव आहे तसेच राहील.

तिसरी व्यक्ती सापडत नाही. जुना ईमेल बंद आहे आणि ओळखीतल्या कोणाकडेही ठावठिकाणा नाही. उत्तर न येणे म्हणजे संमती नव्हे, म्हणून तो भाग काढून नव्याने लिहावा लागणार.

नियोक्ता आणि वारस या दोन प्रश्नांसाठी वकिलांचा सल्ला घेतला. दोन बैठकींचे ६,००० रुपये झाले.

१८ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर

न सापडलेल्या व्यक्तीने लिहिलेला भाग म्हणजे जुन्या डीटीपी फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक. तो पुन्हा लिहिण्याचे काम ज्याने जुना कोड कधीच उघडला नव्हता अशा सदस्याकडे दिले. मी जुना कोड वाचलेला असल्यामुळे मी फक्त चाचण्यांचे नमुने पुरवायचे, एकही ओळ सुचवायची नाही, असा नियम केला आणि पाळला. सदस्याने फॉन्ट फॉन्टफोर्ज या फॉन्ट-संपादन साधनात उघडून प्रत्येक चिन्हाचा तक्ता स्वतः तयार केला.

सर्वाधिक वेळ क्रमात गेला. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टंकलेला असतो, म्हणजे डोळ्याला दिसतो त्या क्रमाने. युनिकोडमध्ये दोन्ही उलटे, उच्चाराच्या क्रमाने ठेवावे लागतात. पहिल्या प्रयत्नात जोडाक्षरावरची वेलांटी पहिल्या अर्ध्या अक्षरालाच चिकटू लागली. ती दुरुस्त झाली तेव्हा ‘दऱ्या’चे ‘दर्या’ आणि ‘आचाऱ्याला’चे ‘आचार्याला’ होऊ लागले, कारण रफार आणि अर्धा ऱ यांना एकच मानले गेले होते. मराठीत या प्रत्येक जोडीतील दोन शब्दांचे अर्थ वेगळे आहेत आणि स्वयंपाक्याच्या जागी गुरुजी आले तर लेखाचा अर्थच बदलतो. अर्ध्या ऱ साठी वेगळा नियम लिहिला, आणि अशा शब्दांची दोनशे वाक्ये चाचणीत कायमची घातली. तीन आठवडे गेले, परंतु नवा परिवर्तक जुन्यापेक्षा चांगला आहे.

१५ सप्टेंबर

कंपनीचे संमतिपत्र पाच आठवड्यांनी आले. आता गाभा पूर्णपणे ‘३ किंवा नंतरची’ झाला. टेसरॅक्ट पुन्हा थेट जोडले, आलेख परत आणला. पायसाइड६ तसेच ठेवले, कारण ते बदलण्याचे कष्ट एकदा झालेच होते. पायथन ३.१२ वर गेल्यामुळे विंडोजच्या गठ्ठ्यात ओपनएसएसएल ३ आले. २०२१ पासून त्याचा परवाना अपाची २.० आहे, आणि तो जीपीएल ३ शी जुळतो. आवृत्ती २ वर राहिलो असतो तर तेथेही अडलो असतो.

पायम्युपीडीएफ ठेवावे की नाही यावर गटात मतभेद झाले. जीपीएल ३ च्या तेराव्या कलमात एजीपीएल ३ च्या कोडशी जोडण्याची स्पष्ट परवानगी आहे, मात्र एजीपीएलची नेटवर्कसंबंधीची अट मग एकत्रित कार्यक्रमालाही लागते. ग्रंथालयाला हे साधन पुढे आपल्या सर्व्हरवर ठेवून स्वयंसेवकांना ब्राउझरमधून वापरू द्यायचे आहे. त्यांनी त्यात बदल केले तर त्या स्वयंसेवकांनाही बदललेला कोड देऊ करावा लागेल. माझ्या मते ही अट आमच्या हेतूशी सुसंगतच आहे. आम्ही प्रत्येक पडद्याच्या तळाशी कोडचा दुवा घातला आणि ग्रंथालयाला ही अट वेगळ्या परिच्छेदात समजावून लिहिली.

याच सुमारास एका सदस्याला रकान्यांमधील रेघा पुसण्याचा आमचा भाग टेसरॅक्टच्या प्रकल्पाला भेट द्यायचा होता. अपाचीखालील कोड जीपीएल ३ च्या कार्यक्रमात येऊ शकतो, पण उलट दिशेने जाऊ शकत नाही. तो भाग त्याने एकट्यानेच लिहिलेला असल्यामुळे आपल्या हक्काने तो अपाचीखाली वेगळा देण्यास तो मोकळा आहे. दोघांनी लिहिला असता तर दुसऱ्याचीही संमती लागली असती.

२२ सप्टेंबर

कोडखेरीज उरलेल्या वस्तूंवर आज हात फिरवला. चिन्हचित्रांवर अव्यावसायिक वापराची अट होती, म्हणून ती चित्रे वगळून नवी रेखाटली. तारखा वाचणाऱ्या फाइलीत स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरील २०१४ च्या एका उत्तरातील २२ ओळी जशाच्या तशा होत्या. तेथील २ मे २०१८ पूर्वीचा मजकूर सीसी बाय-एसए ४.० (क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेय देऊन त्याच अटींवर वाटण्याचा परवाना) खाली येत नाही, आणि जीपीएल ३ मध्ये नेण्याची मुभा ४.० लाच आहे, म्हणून त्या ओळी नव्याने लिहिल्या.

शब्दयादी २०१९ ची, म्हणजे सीसी बाय-एसए ३.० ची होती. विकिमीडियाचे प्रकल्प जून २०२३ मध्ये ४.० वर गेले, आणि ४.० खालील मजकूर जीपीएल ३ मध्ये एकाच दिशेने नेता येतो असे क्रिएटिव्ह कॉमन्सने ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर केलेले आहे. पण ती मुभा आवृत्ती ३ पुरती आहे. आमच्या ‘किंवा नंतरची’ या शब्दांना ती आपोआप लागू होत नाही. म्हणून यादी नव्याने काढली, आणि कोडमध्ये न मिसळता वेगळ्या फाइलीत, तिच्या स्वतःच्या परवान्यासह आणि श्रेयासह ठेवली.

फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे आणि कार्यक्रमासोबत वाटता येतो. आमची चूक वेगळीच निघाली. आकार कमी करण्यासाठी आम्ही त्यातील लॅटिन अक्षरे छाटली होती आणि नाव मूळचेच ठेवले होते. त्या फॉन्टचे नाव राखीव म्हणून जाहीर केलेले आहे, त्यामुळे बदललेली प्रत त्या नावाने वाटता येत नाही. पूर्ण फॉन्ट परत घातला.

२९ सप्टेंबर

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपच्या रीयूज या पद्धतीप्रमाणे प्रत्येक फाइलीत हक्कधारकाचे नाव आणि एसपीडीएक्स या परवान्यांच्या प्रमाणित सांकेतिक नावांच्या पद्धतीतील परवाना-ओळ घातली. एसपीडीएक्सच्या यादीत ‘ओन्ली’ आणि ‘ऑर लेटर’ ही वेगळी चिन्हे आहेत. तीच २०१२ पासून वापरात असती तर जूनमधली माझी चूक झाली नसती. हे काम मी आज्ञावलीने केले आणि तिने सर्व फाइलींवर माझेच नाव लावले. पुण्यातील त्या कुटुंबाला दिलेला शब्द मोडल्यासारखे झाले. तो बदल प्रसिद्ध होण्याआधी लक्षात आला आणि इतिहास पाहून ६३ फाइलींची नावे हाताने भरली, त्याला दोन दिवस लागले. आता प्रत्येक नवा बदल स्वीकारण्यापूर्वी ही तपासणी आपोआप चालते.

६ ऑक्टोबर

नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. वकिलांच्या फीचे ६,००० आणि पुण्याच्या प्रवासाचे ८४० असे ६,८४० रुपये खर्च झाले, ते आम्ही चौघांनी वाटून घेतले. संमतिपत्रे रिपॉझिटरीत ठेवलेली नाहीत, कारण त्यांत पत्ते आणि सह्या आहेत; त्यांच्या प्रती दोन सदस्यांकडे आहेत, आणि कोणी केव्हा संमती दिली याची यादी मात्र सर्वांना पाहता येते.

ग्रंथालयाला उत्तर पाठवले: कार्यक्रम जीपीएल आवृत्ती ३ किंवा नंतरची, पायम्युपीडीएफमुळे एजीपीएल ३ ची नेटवर्क-अट लागू, शब्दयादी सीसी बाय-एसए ४.०, फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्स. सोबत घटकांची यादी जोडली, या वेळी इन्स्टॉलर उलगडून केलेली.